पोर्तुगीज कागदातील आजीचा निम्मा वाटा आणि चुकलेले इंग्रजी भाषांतर

प्रश्न : आमचे मूळ घर गोव्यातील पेडण्याचे, मी ठाण्यात राहतो. आजोबा 1951 मध्ये वारले आणि 1953 मध्ये पोर्तुगीज न्यायालयात त्यांच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी (मृताची मालमत्ता नोंदवून वाटण्याचे न्यायालयीन प्रकरण) पूर्ण झाली. माडांचे भाट (नारळाची बाग) तेव्हा प्रत्यक्ष न विभागता फक्त हिस्से ठरले. आजीने 1974 मध्ये मृत्युपत्र करून, कायद्याने जेवढे देता येते तेवढे माझ्या वडिलांना दिले. ती 1978 मध्ये वारली. आता काकांनी वाटपाचा दावा लावला असून त्यात वडील व आत्या प्रतिवादी आहेत. आम्ही दाखल केलेल्या इंग्रजी भाषांतरात आजीला ‘वारसांपैकी एक’ व ‘कुटुंबप्रमुख’ म्हटले आहे, म्हणून तिचा वाटा चौथाच होता, असे काका म्हणतात. हे भाषांतर आमच्यावर बंधनकारक आहे का?

उत्तर : नाही. आपला हक्क 1953 च्या वाटपातून आलेला आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे मूळ पोर्तुगीज कागद. इंग्रजी प्रत ही न्यायालयाला तो वाचता यावा यासाठी केलेली सोय आहे. मात्र ती प्रत आपल्याच बाजूने दाखल झाली आहे, आणि कैफियतीतील (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातील) हिशेबही तिच्यावरच बेतलेला असेल, तर आता गप्प राहणे महागात पडेल.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत आजीच्या नावापुढे ‘मेएइरा’ (अर्ध्या मालमत्तेची मालकीण) हा शब्द स्पष्ट वाचता येतो. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1 जुलै 1870 पासून लागू झाली. तिच्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि तिचा अर्धा भाग पत्नीचा स्वतःचाच असतो; पतीच्या मृत्यूनंतर तो वेगळा काढला जातो, वारशाने मिळत नाही. अशा अर्ध्याच्या मालकिणीला गोव्यातील वकील इंग्रजीत ‘मोइटी होल्डर’ म्हणतात. मुले हयात असताना या संहितेत विधवा वारस म्हणून येतच नाही. चूक कोठून आली असावी याचा तर्क करता येतो : पोर्तुगालमध्ये 1966 ची नवी संहिता आली आणि 1977 च्या सुधारणेनंतर हयात जोडीदार मुलांच्या बरोबरीने वारस झाला, पण ते बदल गोव्यात कधी आले नाहीत. त्यामुळे लिस्बनची आजची कायदेभाषा जाणणारा भाषांतरकार जुन्या गोमंतकीय कागदात हमखास फसतो.

या एका शब्दाने किती फरक पडतो ते पाहा. भाटाचे 24 भाग कल्पिले, तर खऱ्या हिशेबाने आजीचे 12 आणि तीन मुलांचे प्रत्येकी 4. मुले असणाऱ्या व्यक्तीला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा निम्माच भाग देता येतो, म्हणून आजीच्या 12 पैकी 6 वडिलांना गेले आणि उरलेले 6 तिघांत दोन-दोन वाटले गेले. म्हणजे वडिलांचे 12, काका व आत्या यांचे प्रत्येकी 6. काकांचा हिशेब धरला, म्हणजे आजीचा वाटा चौथा (6 भाग) मानला, तर वडिलांना 10 आणि त्या दोघांना सात-सात मिळतात.

‘कुटुंबप्रमुख’ हे ‘काबेसा द काझाल’ या पदाचे शब्दशः भाषांतर आहे. हे पद वाटप होईपर्यंत मालमत्ता सांभाळून तिची यादी न्यायालयाला देणाऱ्याचे असते. त्याने मालकी येत नाही आणि एकत्र कुटुंबाचा कर्ताही ठरत नाही. तथापि 16 डिसेंबर 1880 च्या फर्मानाने गोव्यातील हिंदूंच्या काही रूढी राखल्या होत्या, तेव्हा त्या आधाराने एकत्र कुटुंबाचा मुद्दा काढला गेल्यास उत्तर तयार असावे.

आता करावयाचे काम. इन्व्हेंटरीच्या संपूर्ण प्रकरणाची प्रमाणित नक्कल मागवा; विशेषतः वाटपाचा तक्ता आणि तो कायम करणारा निकाल त्यात हवा. माझ्या मते आपला सर्वांत भक्कम पुरावा हा तक्ताच ठरेल, कारण त्यातील रकमांमध्ये आजीसमोर निम्मा आकडा असेल तर भाषांतराचा वादच उरत नाही. गोव्यातील जुन्या इन्व्हेंटऱ्या हाताळलेल्या व्यक्तीकडून नवे भाषांतर करून घ्या, त्यात कायद्याच्या संज्ञा मूळ रूपात ठेवून शेजारी अर्थ द्यावा, आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र जोडावे. वाद झाल्यास त्याला साक्षीसाठी बोलावता येईल. संहितेचा अर्थ सांगायला मात्र तज्ज्ञ साक्षीदार लागत नाही : सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे की गोव्यात लागू असलेली ही संहिता परकीय कायदा नसून भारतीय कायद्याचाच भाग आहे.

नवी प्रत दाखल करताना जुनी का बदलावी लागते ते अर्जात सरळ लिहा. कैफियतीत चौथ्या हिश्श्याची कबुली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 17 खाली दुरुस्ती मागावी लागेल, आणि सुनावणी सुरू झाल्यावर ती मिळवण्यासाठी योग्य दक्षता घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नाही, हे दाखवावे लागते. म्हणून पुढच्या तारखेपूर्वीच अर्ज तयार ठेवा. आजीच्या मालमत्तेची स्वतंत्र इन्व्हेंटरी झालेली दिसत नाही, तेव्हा हा साधा वाटपाचा दावा चालू शकतो का, हेही आपल्या वकिलांना तपासायला सांगा. काकांनी तडजोडीचा मसुदा पाठवला तर त्यातील ‘चौथा हिस्सा’ हे शब्द निघेपर्यंत त्यावर कोणीही सही करू नये. तडजोड ठरलीच, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असल्याने सुना आणि जावई यांच्याही सह्या घ्याव्या लागतील.