बहीण चाळीसगावच्या सासरहून बेपत्ता आहे, तिला तिथे मारहाण व्हायची. पोलिसांनी नुसती ‘मिसिंग’ नोंदवली. आम्ही धुळ्याहून गुन्हा दाखल करू शकतो का?

हो, धुळ्यातल्या ठाण्यातही करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द नसली तरी दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपासू शकतात असा) गुन्हा नोंदवावाच लागतो (झिरो एफआयआर), मग तो चाळीसगावला वर्ग होतो. मी फौजदारी वकिली करतो, आणि घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं: मिसिंगची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. म्हणून फिर्यादीत ‘ती हरवली’ एवढंच न लिहिता छळ लिहा. न्याय संहितेचं कलम ८५ लागेल. १ जुलै २०२४ च्या आधीच्या मारहाणीला जुन्या दंड संहितेचं ४९८अ. ही फिर्याद सख्खा भाऊ किंवा बहीणही देऊ शकते, तिची सही लागत नाही. जोडायचं काय, तर तिचे मेसेज, दवाखान्याचे कागद, आधी समेटाला बसलेल्या नातेवाइकांची नावं. गल्लीतल्या सीसीटीव्हीसाठी आजच लेखी अर्ज द्या, ते लवकर पुसलं जातं. ठाण्यात टाळलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसही (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याची याचिका) करता येते, पण तिला कुणीतरी डांबून ठेवल्याचा सबळ संशय दाखवता आला तरच. नुसतं बेपत्ता असणं तिथे सहसा पुरत नाही.