चिनी येत नसताना चीनमध्ये शाकाहारी माणसाचं रोजचं कसं भागतं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात नोकरीनिमित्त शांघायजवळच्या सूचौला जायचंय, भाषा येत नाही, अंडंही खात नाही. तर बाजारहाट आणि बाहेरचं जेवण जमेल का? जमेल. मी सूचौलाच सहा वर्षं काढली, तीही शाकाहारी राहून.

आधी फोनचं उरकते. निघण्यापूर्वीच अलीपे आणि वीचॅट ही पैसे देण्याची अ‍ॅप्स घ्या (वीचॅटवर निरोप आणि कॉलही होतात), पासपोर्टने ओळख पटवा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला जादा शुल्क नाही, त्यापुढे 3 टक्के लागतात. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवरच पैसे घेते. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या इंटरनेटवर उघडत नाही, म्हणून आईबाबांनाही वीचॅट आत्ताच शिकवा. भाड्याच्या घरात उतरलात तर 24 तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करावी लागते, ते विसरू नका.

खाण्याचं मात्र फोनवर सोपवू नका. टेबलावरचा कोड स्कॅन करून फोटो बघून मागवता येतं, पण भाजी चरबीत परतलीय की तेलात, हे फोटोत दिसत नाही. ते तोंडानेच सांगावं लागतं, आणि ‘मांस नको’ एवढ्याने काम होत नाही. पहिल्याच आठवड्यात घराखालच्या खानावळीत मी ‘पू याओ रौ’ म्हणजे मांस नको, असं सांगितलं. श्रावणघेवड्याची सुकी भाजी आली, तिच्यावर डुकराचा खिमा भुरभुरलेला. मालकीणबाईंनी फसवलं नव्हतं. आपण मोहरी-जिरं घालतो तसा त्यांच्या लेखी तो खिमा होता, चवीपुरता.

पुढे मी ‘वो छ्र सू’ म्हणायला शिकले. सू म्हणजे बौद्ध मठातलं सात्त्विक जेवण. काही घरांत म्हातारी माणसं चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सू पाळतात, म्हणजे साधारण आपल्या अमावस्या-पौर्णिमेला. आपल्या आजीची एकादशी जशी घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते, तसंच ते आहे. त्याच बाई मग आपणहून विचारू लागल्या: अंडं चालेल? लसूण? तरी दोन गोष्टी दर वेळी सांगाच: ‘रौमो’ म्हणजे खिमा नको, ‘ची-चिंग’ म्हणजे चिकनची पावडर नको. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची ‘ती सान श्येन’ आणि व्हिनेगरमधला बटाट्याचा कीस, या दोन भाज्यांवर माझे कितीतरी दिवस निघाले.

उच्चाराला घाबरू नका, मराठी माणसाला इथे फायदा आहे. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना बी, डी, जी लिहिलेलं असलं तरी उच्चार आपल्या प, त, क च्या जवळचा असतो. पी, टी, के म्हणजे त्यांच्यातच ह मिसळलेला. टोफूला ‘तोउफू’ म्हणा, लगेच कळतं.

भाजीबाजारात भाव ‘चिन’वर सांगतात. एक चिन म्हणजे 500 ग्रॅम. मला कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं, कारण महिनाभर मी सगळं अर्धंच घरी आणत होते. आकडे एका हाताच्या खुणांनी दाखवतात: अंगठा आणि करंगळी वर म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. एकाच भाजीवालीकडे जात राहा. माझी बाई पिशवीत कांद्याची पात न मागता टाकायची.

आणि सप्टेंबरात त्या बाजारात नक्की जा. सूचौ हे तळ्यांचं शहर, त्यामुळे शिंगाडे, कमळकाकडी सगळं ताजं मिळतं. बायका बोटांना धातूची नखं लावून ‘ची-थौ-मी’ सोलत बसलेल्या असतात. तो ताजा, न फुलवलेला मखानाच. महाग असतो, तरी मूठभर घ्या. पाण्याला उकळी आली की टाका, दीड-दोन मिनिटांत उतरवा, वर थोडी साखर. जास्त शिजवलात तर चिवट होतो.