क्रिकेट खेळलेला माणूस आपोआप चांगला अंपायर होतो का?

भाचा २३ वर्षांचा, क्लब लीग खेळतो, रणजीचं काही जमेलसं वाटत नाही, मग अंपायरिंगकडे वळला तर खेळल्याचा फायदा होईल का, असं विचारलंय तुम्ही. होतो, पण लोकांना वाटतं तसा नाही. मी स्वतः बारा-तेरा सीझन लोकल मॅचेसना उभा राहिलोय, त्याआधी ऑफस्पिन टाकायचो, आणि पहिल्याच सीझनला एक बॉल पॅडवर लागला तर माझ्याच तोंडून "आssह" निघालं. ओव्हर संपल्यावर बॅटिंग टीमचा कॅप्टन येऊन म्हणाला, काका तुम्ही नक्की कोणाकडून? बरोबरच होतं त्याचं.

म्हणून मला भारताचा ऑफस्पिनर आणि नंतर अंपायर झालेल्या वेंकटराघवनचं करिअर भारी वाटतं. आता बऱ्याच पोरांना तो फक्त पांढऱ्या कोटातला उंच, गंभीर माणूस म्हणून माहितीये. पण ५७ टेस्ट, १५६ विकेट्स, आणि त्याही प्रसन्नासारखा ऑफस्पिनर टीममध्ये असताना! १९७१ ला ओव्हलवर सोलकरने पुढे झेपावून इंग्लंडच्या ॲलन नॉटचा तो प्रसिद्ध कॅच घेतला ना, तो बॉल वेंकटचा होता. म्हणजे बॅट-पॅडला लागून जवळच्या फिल्डरकडे उडणाऱ्या कॅचवर जगणारा बॉलर. १९७५ आणि ७९ च्या वर्ल्ड कपला कॅप्टनही तोच, आणि ७९ च्या ओव्हल टेस्टला, जिथे गावसकरने २२१ मारले आणि ४३८ च्या पाठलागात आपल्याला ९ रन्स कमी पडून मॅच ड्रॉ झाली, तिथेही तोच. मग परतीच्या विमानात पायलटने अनाउन्स केलं म्हणे की आता कॅप्टन गावसकर. असं झाल्यावर आपण क्रिकेटचं तोंड पाहिलं नसतं!

शेवटची टेस्ट १९८३ ला खेळला आणि जानेवारी १९९३ मध्ये, इंग्लंडची टीम इथे आली होती तेव्हा, अंपायर म्हणून टेस्टला उभा राहिला. मधे नऊ वर्षांहून जास्त गेली, हे लक्षात घ्या. पुढे ७३ टेस्ट केल्या, खेळला त्यापेक्षा जास्त! १९९९ ची ती एजबॅस्टनची टाय झालेली सेमीफायनल, ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका, क्लूसनर-डोनाल्डच्या रनआऊटवाली, तिथे इंग्लंडचा अंपायर डेव्हिड शेफर्डबरोबर हाच होता. २००२ ला आयसीसीचं एलिट पॅनल, म्हणजे जगातल्या निवडक अंपायर्सची यादी, सुरू झालं त्यात पहिल्यापासून होता, २००४ ला थांबला, आणि पुढचा भारतीय (रवी) त्यात यायला २०१५ उजाडलं.

आता तुमच्या भाच्याच्या कामाचं. खेळलेल्याला बॉल वळणार कुठे, बाऊन्स किती, बॅट्समन पॅड मुद्दाम पुढे टाकतोय का, हे लवकर कळतं. पण बॉलरला अपील करताना जे दिसतं ते फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे बॉल टाकून पुढे जाताना, बाजूला सरकल्यावरचं असतं, अंपायरला आधी पुढचा पाय क्रीजवर बघायचा, मग तीच नजर उचलून बॉल पकडायची, आणि बॅटचा आवाज की पॅडचा हे कानाने ठरवायचं. इंटरनॅशनलला आता पुढच्या पायाचा नो-बॉल टीव्ही अंपायर बघतो, आपल्या मैदानावर कोण बघणार? हे नेटमध्ये शिकता येत नाही, उन्हात उभं राहूनच येतं. शिवाय अंपायरिंगच्या परीक्षेत नियमांची कलमं विचारतात, तिथे जुने खेळाडूच जास्त गडबडतात, "आम्ही तर असंच खेळायचो" म्हणून.

मोठे प्लेयर इकडे फिरकत नाहीत, कॉमेंट्रीत पैसाही आहे आणि शिव्याही कमी. तरी २००८ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपमधला टॉप स्कोरर तन्मय श्रीवास्तव परीक्षा देऊन २०२५ ला आयपीएलमध्ये उभा राहिलाच की.

तर खेळणं सोडायची वाट नका बघू, त्याला राज्य असोसिएशनच्या परीक्षेची चौकशी करायला सांगा, आणि तोवर शाळेच्या पोरांच्या मॅचेसना रविवारी उभा राहू दे. मानधन फार नसतं, हे घरी आधीच सांगून ठेवा.