नागपुरात संत्र्याची दारू, मोह आणि वेगळी रम: काय चाखावं, कसं चाखावं

डिसेंबरात चार दिवस नागपूर फिरताना संत्र्याची दारू, मोहाची दारू आणि नेहमीपेक्षा वेगळी रम कशी चाखावी, असा प्रश्न आहे. सर्वात आधी संत्र्याबद्दल, कारण बाहेरून येणारे तिथेच फसतात.

देशी दारूच्या दुकानात ‘संत्रा’ मिळते. तिच्या लेबलवर संत्रं असतं, पण दारू संत्र्याची नसते. उसाच्या मळीपासून केलेल्या स्पिरिटमध्ये वास घातलेला असतो. खरी संत्र्याची दारू इतक्या स्वस्तात का मिळणार नाही, याचा हिशोब करून बघा. नागपुरी संत्र्याच्या रसात साखर साधारण 10 टक्के. तो आंबवला की जेमतेम 5 टक्के अल्कोहोल. म्हणजे 40 टक्क्यांची एक लिटर दारू गाळायला किमान 8 लिटर रस हवा, आणि किलोभर संत्र्यांतून अर्धा लिटरही रस मिळणं कठीण. 16 ते 20 किलो संत्री एका लिटरला! त्यात सालीचं तेल रसात उतरलं तर यीस्टची वाढ मंदावते. म्हणून जगभर संत्र्याची नावाजलेली मद्यं बहुतेक रसाची नसून सालीची असतात.

सालीची चव घ्यायची असेल तर मुक्कामीच करा. डिसेंबरात आंबिया बहाराचा माल बाजारात असतो, संत्री ताजी मिळतात. 180 मिलीची पांढऱ्या रमची क्वार्टर आणि एक मध्यम संत्रं घ्या. फळावर मेणाचं पॉलिश असू शकतं, म्हणून कोमट पाण्यात चोळून धुवा. नागपुरी साल सैल असते, हातानेच निघते. आतला पांढरा भाग आणि धागे चमच्याच्या कडेने खरवडून टाका. फक्त केशरी साल काचेच्या बरणीत रममध्ये बुडवा, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. 12 तासांनी चाखा, 24 तासांच्या आत गाळून घ्या. दोन दिवस ठेवली की कडू होते. रस मुळीच घालू नका: ठेवलेला नागपुरी संत्र्याचा रस स्वतःच कडू होत जातो, आणि रमही पातळ होते. चांगली उतरली असेल तर गाळलेल्या रममध्ये गार पाणी घातल्यावर किंचित धुरकटपणा दिसतो. ते सालीचं तेल.

रम घेताना ती कशापासून केली आहे हे लेबलवर वाचा. आपल्याकडची बहुतेक रम मळीची. वेगळी चव हवी तर उसाच्या रसाची कॅमिकारा किंवा गुळाच्या स्पिरिटचं मिश्रण असलेली अमृतची टू इंडीज शोधा. सदर, धरमपेठ, सीताबर्डी भागातल्या मोठ्या वाइन शॉपमध्ये विचारा, नाहीतर परमिट रूममध्ये 30 मिलीचा पेग मागवा. बाटली समोर उघडायला सांगा.

मोह हे फळ नाही, फूल आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतं, वेचून वाळवतात. डिसेंबरात ताजं फूल दिसणार नाही. कायदेशीर बाटलीबंद मोह (उदाहरणार्थ डेस्मंडजी) मिळाला तर घ्या: भिजवलेल्या मनुकांसारखा गोडसर, मातकट वास येतो. खेड्यातली हातभट्टीची मोहाची दारू मात्र कितीही आग्रह झाला तरी पिऊ नका. ‘निळी ज्योत आली म्हणजे शुद्ध’ ही समजूत घातक आहे. चांगलं अल्कोहोलही निळंच जळतं, आणि मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही.

चाखायची वेळ जेवणाआधीची. सावजी रस्सा आधी खाल्ला तर जीभ पेटलेली असते आणि दारूची जळजळ दुप्पट वाटते, चव हाती लागत नाही. सावजी नंतर, निवांत. दोन घोटांमध्ये साधे मुरमुरे, फुटाणे आणि पाणी. एका बैठकीत तीन प्रकार पुरे, प्रत्येकी 15 मिली. पांढरी आधी, मुरलेली नंतर, गोड शेवटी. मोह त्याच बैठकीत चाखू नका, त्याचा वास ग्लासला आणि नाकाला धरून राहतो. ग्लास तोंडाशी अरुंद हवा. नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून वास घ्या. मग पाणी: 42.8 टक्क्यांच्या 30 मिलीत 13 मिली घातलं की साधारण 30 टक्के होतं, जळजळ उतरते आणि वास मोकळा होतो. बर्फ नको, त्याने वास दबतो. उन्हाळ्यात आलात तर बाटली थोडा वेळ गार पाण्यात ठेवा, तापलेल्या खोलीत नाकात फक्त अल्कोहोल जातं.

माझ्या मते सर्वात उपयोगी परीक्षा तळहाताची. दोन थेंब चोळा, मिनिटभर थांबा, अल्कोहोल उडालं की वास घ्या. गूळ, ऊस, लाकूड असं काही राहिलं तर माल बरा. गोळीसारखा व्हॅनिलाचा वास आणि चिकटपणा राहिला तर एसेन्स आणि साखर.

आता कायदा. महाराष्ट्रात स्पिरिटसाठी (म्हणजे कडक दारूसाठी) वय 25 पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा दुकानातच मिळतो. नागपूरहून सेवाग्रामला जाणार असाल तर बाटली गाडीत ठेवू नका. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही. उरलेली सालीची रम नागपुरातच संपवा किंवा मित्राकडे ठेवून या.