'कलर्ड वेटिंग रूम' लिहिलेली जुनी पाटी ऑनलाइन मिळते. ती अस्सल असेल का?

अमेरिकेतील वर्णभेदाच्या काळातील, 'कलर्ड' म्हणजे कृष्णवर्णीयांची जागा वेगळी दाखवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिडाच्या पाट्या अस्सल असतात का आणि संग्रहासाठी त्या घ्याव्यात का, असे आपण विचारले आहे. त्यांतील पुष्कळशा अलीकडे ओतलेल्या नकला असतात. रेल्वे कंपनीचे नाव आणि साल ठसठशीत अक्षरांत ओतलेले दिसले की माझा संशय अधिकच बळावतो, कारण पाटी लावणाऱ्याला माणसे वेगळी काढायची होती, पुढच्या संग्राहकासाठी तारीख नोंदवायची नव्हती.

खऱ्या पाट्या कशा होत्या, हे त्या काळच्या सरकारी छायाचित्रांत दिसते. नॉर्थ कॅरोलायनातील हॅलिफॅक्स येथे १९३८ साली टिपलेल्या छायाचित्रात न्यायालयाच्या आवारातील पिण्याच्या नळाजवळ, झाडाच्या खोडावर 'कलर्ड' एवढेच लिहिलेली पाटी आहे. १ नोव्हेंबर १९६१ पासून आंतरराज्य बसस्थानकांवरून आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर इतर सार्वजनिक जागांवरून या पाट्या उतरवणे भाग पडले, तेव्हा त्या जपाव्यात असे फार थोड्यांना वाटले. काही तर नुसत्या झाकल्या गेल्या: डॅलस काउंटीच्या रेकॉर्ड्स बिल्डिंगमध्ये २००३ साली पाण्याच्या नळावरचा धातूचा पत्रा निखळला आणि त्यामागून 'व्हाइट ओन्ली' (फक्त गोऱ्यांसाठी) या अक्षरांच्या खुणा बाहेर आल्या. त्या पुसायच्या नाहीत असे तेथील प्रशासनाने ठरवले, आणि ते योग्यच झाले.

माझ्या मते, पाट्यांपेक्षा त्या काळच्या घरगुती वस्तू अधिक अस्वस्थ करतात. मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठाच्या जिम क्रो (वर्णभेदाच्या त्या व्यवस्थेचे प्रचलित नाव) संग्रहालयात कृष्णवर्णीयांची विटंबना करणाऱ्या मीठदाण्या, पोस्टकार्डे, खेळणी मांडलेली आहेत. संस्थापक डेव्हिड पिलग्रिम यांनी लहान असताना विकत घेतलेली अशी पहिली वस्तू जागीच आपटून फोडली होती. पाटीमागे निदान कायद्याचा धाक तरी होता. मीठदाणी मात्र लोकांनी हौसेने, पदरचे पैसे मोजून जेवणाच्या टेबलावर आणली.

तरीही पाटी घ्यायचीच असेल, तर ती कोणत्या इमारतीतून, कोणी आणि केव्हा उतरवली, याचा कागद विक्रेत्याकडे मागावा. तो नसेल, तर वर उल्लेखिलेली छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात.