यिर्मयाच्या पत्रातली सत्तर वर्षं

प्रश्न : यजमानांच्या कंपनीत कामगारकपात चालू आहे. घरकर्जाचे हप्ते आहेत. चर्चच्या मंडळीतली माणसं बायबलमधलं यिर्मया २९:११ पाठवतात, ‘देवाचे संकल्प हिताचे आहेत’. घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा धाकधूक. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : ताई, विश्वासाला बोल लावू नका. वचन तुमच्यापर्यंत अर्धवट पोचलंय. ते एका पत्रातलं आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते पाठवलं. आधी २८वा अध्याय वाचा. हनन्या संदेष्टा मंदिरात सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच हवं होतं. यिर्मया कळवतो, सत्तर वर्षं (२९:१०). तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा (५ ते ७). अकरावं वचन त्यानंतर येतं. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता! तेव्हा यजमानांची नोकरी टिकेल, असं या वचनातून काढू नका. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते विचारा. त्यात अविश्वास नाही, बागा लावण्यातलंच ते काम आहे.

रोजच्या वाचनाला बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत : १-२ गाऱ्हाणं, ३-४ मागणं, ५-६ भरवसा. मोठ्याने वाचा. दुसऱ्या वचनानंतर थांबून आपलं गाऱ्हाणं वहीत लिहा, हप्त्याची रक्कम आणि तारखेसकट. चौथ्यानंतर एकच मागणं लिहा. मग पुढे जा. इथे बहुतेकांचं चुकतं. देवापुढे कुरकुर कशी करायची म्हणून ते थेट पाचव्या वचनावर उडी घेतात आणि तोंडातली स्तुती पोकळ वाटते. एखाद्या दिवशी भरवशाचे शब्द ओठांवर आलेच नाहीत, तर चौथ्यावर थांबा. दुसऱ्या दिवशी तेच स्तोत्र पुन्हा घ्या. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते दीडशे स्तोत्रांत आहेच.

आठवड्याने बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढा. कॅलेंडरांवर छापतात ती २२-२३ वचनं, रोज सकाळी नव्या होणाऱ्या दयेची. त्याआधीची वीस वचनं कडवट आहेत, म्हणूनच १ ते २४ एका बैठकीत वाचा.

प्रश्न : घरात आजारपण आहे. स्तोत्र ९१ रोज म्हटलं की संकट येत नाही, असं सांगतात. खरं का?

उत्तर : स्तोत्र जरूर म्हणा, देवाला अट घालू नका. त्यातलीच ११-१२ वचनं पुढे करून सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकायला सांगतो (मत्तय ४:६). देवाची परीक्षा पाहू नये, म्हणून येशू नकार देतो. पंधरावं वचनही नीट पाहा : संकटात मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे संकट येणार हे स्तोत्रानेच धरून ठेवलंय. गोळ्या आणि तपासण्या चालू राहू द्या. रात्री आजाऱ्याच्या उशाशी झोप लागत नसेल तेव्हा ९१ पेक्षा ४, १२१ किंवा १३० बरं. तिन्हींत आठआठच वचनं. एका रात्रीला एक पुरे.