कोझुमेलला आठ तास मिळाले, तर सागरी उद्यानात जावे का?

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत मी, माझे पती, लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात असे पाच जण ह्यूस्टनजवळच्या गॅल्व्हस्टन बंदरातून सात रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर जहाज एका गुरुवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच थांबणार आहे. तिथल्या चांकानाब या सागरी उद्यानात जावे, असे जावयांचे म्हणणे आहे. नातीने कुठल्या तरी व्हिडिओत पाहिल्यापासून तिला डॉल्फिनला हात लावायचा ध्यास लागला आहे आणि मला ते मनापासून पटत नाही. पतींचे गुडघे दुखतात, त्यांना पोहताही येत नाही, म्हणून त्यांना जहाजावरच थांबावेसे वाटते. आम्ही जावे का? आणि गेलो, तर जहाजाच्या सहलीतून जावे की स्वतःहून?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते सुटे केले, तर घरातला वाद बराचसा मिटेल. चांकानाबला अवश्य जा, आणि पतींनाही बरोबर न्या. मात्र जायचे ते तिथला समुद्र पाहायला. डॉल्फिनला हात लावण्याचा बेत सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगते.

कोझुमेलच्या पश्चिम किनाऱ्याला लागून जी प्रवाळरांग आहे, ती होंडुरासपर्यंत सुमारे 1,000 किलोमीटर पसरलेल्या मेसोअमेरिकन प्रवाळरांगेचा भाग आहे. बेटाजवळच्या या रांगेचे सुमारे 12,000 हेक्टर क्षेत्र 1996 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. चांकानाब हे याच किनाऱ्यावरचे, सॅन मिगेल गावाच्या दक्षिणेला साधारण नऊ किलोमीटरवरचे, तिकीट काढून आत जायचे उद्यान आहे. माया भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘लहान समुद्र’ असा आहे. आतल्या खाऱ्या तळ्यावरून ते पडले असून हे तळे जमिनीखालच्या वाटांनी समुद्राला जोडलेले आहे. तळ्यात उतरण्यास मनाई आहे, पण काठावरून निवांत पाहता येते, भोवती झाडी आहे, बसायला सावली आहे. तुमच्या यजमानांसाठी एवढेही पुरेसे आहे, असे मला वाटते. दिवसभर जहाजाच्या डेकवर बसून बेट लांबून पाहण्यापेक्षा ते नक्कीच बरे.

आता डॉल्फिनविषयी. डॉल्फिनचा चेहरा हसरा दिसतो तो जबड्याच्या ठेवणीमुळे. तो आजारी असो, घाबरलेला असो, भुकेला असो, ते हसू तसेच राहते. म्हणूनच त्याच्याशेजारी काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात तो आनंदात असल्याचा आपला समज होतो. पाण्यातून वर येऊन तो मुलांच्या गालाला तोंड लावतो, तेव्हा त्याचे लक्ष प्रशिक्षकाच्या बादलीतल्या मासळीकडे असते. मोकळ्या समुद्रात हाच प्राणी दिवसभरात कित्येक किलोमीटर फिरतो, आपल्या कळपाबरोबर शिकार करतो आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. चार भिंतींच्या हौदात यातले काय उरत असेल, हे नातीलाच विचारून पाहा. नऊ वर्षांच्या मुलीला हे नीट समजते, आणि ‘नाही म्हणजे नाही’ असे सांगण्यापेक्षा हे समजावणे तिच्याही मनाला पटेल. मेक्सिकोच्या संसदेने 2025 मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती करून डॉल्फिनसह सागरी सस्तन प्राण्यांच्या करमणुकीच्या खेळांवर बंदी आणली. आपल्याकडे तर केंद्र सरकारने 2013 मध्येच डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन कोंडून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना, परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळवले होते. तेव्हा तुमचे न पटणे हा जुन्या माणसांचा हेका आहे, असे घरात कोणी म्हटले, तर हे दोन्ही दाखले पुढे ठेवा. लेकीचे कुटुंब पुढच्या वेळी भारतात येईल तेव्हा नातीला हर्णै किंवा तारकर्लीला न्या आणि डॉल्फिनचा पाठलाग न करता होडी शांत उभी ठेवायला नावाड्याला सांगा. पाण्यातून वर आलेली एक पाठ आणि श्वासाचा तो फुत्कार हौदाशेजारी मिळणे शक्य नाही.

चांकानाबला नातीला दाखवायचे ते पोपटमासे. त्यांचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि ते प्रवाळाच्या मेलेल्या खडकावरचे शेवाळ खरवडून खातात. पाण्यात तोंड घालून जरा स्तब्ध राहिले, की त्या खरवडण्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. पोटात गेलेल्या खडकाचे चूर्ण वाळू होऊन बाहेर पडते, आणि पांढऱ्या किनाऱ्यांवरच्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. हे ऐकल्यावर डॉल्फिनचा विषय मागे पडेल, अशी मला आशा आहे. माशांना खायला मात्र काहीही घालू नका. मी मालवणच्या सागरी अभयारण्यात पहिल्यांदा पाण्यात उतरले, तेव्हा नावाड्याने फोटो चांगला यावा म्हणून माझ्याभोवती पाव कुस्करून टाकला होता. मासे झुंडीने आले खरे, पण मी त्या दिवशी पावावर तुटून पडणारी गर्दी पाहिली, प्रवाळ पाहिलेच नाही. त्याची हळहळ मला अजून आहे.

पाण्यात उतरण्याची वाट पुळणीवरून सावकाश चालत जाण्यासारखी नाही. किनारा चुनखडीच्या कातळाचा असून बहुतेक ठिकाणी पायऱ्या किंवा शिडीवरून थेट पोहण्याइतक्या पाण्यात उतरावे लागते. त्यामुळे यजमानांनी पाण्याचा आग्रह धरू नये. बाकीच्यांनी, पोहता येत असले तरी, लाइफ जॅकेट घालावे, कारण या किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह नकळत पुढे नेतो. सनस्क्रीनची रसायने प्रवाळाला बाधतात, म्हणून ते अंगाला फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे न्यावेत.

सहल जहाजाची घ्यावी की स्वतःहून जावे, याचे उत्तर तुमच्या बाबतीत वेळेवर अवलंबून आहे. जहाजाची सहल महाग पडते, पण तिला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. स्वतःहून गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. चांकानाब धक्क्यापासून फार लांब नसल्याने मी स्वतःहून गेले असते. तिथल्या टॅक्सींना मीटर नसते, भाडे ठिकाणानुसार ठरलेले असते. ते बसण्यापूर्वीच विचारून घ्या, आणि तुम्ही पाच जण असल्याने मोठी गाडी मागा.

खरा घोटाळा घड्याळाचा होतो. कोझुमेल ज्या किन्ताना रू राज्यात आहे, तिथले घड्याळ वर्षभर एकच असते, आणि डिसेंबरात ते गॅल्व्हस्टनच्या एक तास पुढे असते. जहाजाने गॅल्व्हस्टनचीच वेळ चालू ठेवली असेल, तर मोबाइल आपोआप बेटाची वेळ दाखवू लागेल, आणि टॅक्सीवाल्याचे तीन म्हणजे जहाजावरचे दोन असतील. उद्यान स्थानिक वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास बंद होते, म्हणजे जहाजाच्या घड्याळात तीनलाच. म्हणून जहाजावरून उतरताना तिथले घड्याळ पाहून मनगटी घड्याळ लावा, उतरल्यावर रेंगाळू नका आणि जहाजाच्या वेळेनुसार अडीचच्या आत परत निघा. उद्यान रविवारी सहसा बंद असते. तुमचा गुरुवार आहे, ते बरे झाले.

एक अडचण मात्र तुमच्या हातातली नाही. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून जोराचे वारे येतात, त्यांना तिकडे ‘नॉर्ते’ म्हणतात. तसा वारा असला, की पाण्यात उतरायला बंदी होते, आणि कधी कधी जहाजही बंदराला लागत नाही. म्हणून तिकिटे आधीच काढून ठेवू नका. सकाळी डेकवरून समुद्र पाहा, धक्क्यावर बावटा कुठल्या रंगाचा आहे ते विचारा आणि लाल असेल, तर सॅन मिगेलच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरून गावातले संग्रहालय पाहून या.

निघण्यापूर्वी आणखी एक करा. नातीसाठी तिच्या मापाचा पोहण्याचा मुखवटा आणि श्वास घेण्याची नळी (स्नॉर्केल) आतापासून घेऊन ठेवा आणि घरच्या बाथटबमध्ये तिला रोज पाच मिनिटे तोंड पाण्यात घालून त्या नळीतून श्वास घ्यायला लावा. पहिल्या दिवशी ती दचकून डोके वर काढेल. चार-पाच दिवसांनी काढणार नाही.